चतुःसीमा

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. सामान अजून लागलं नव्हतं, दूधवाला ठरला नव्हता, चहा दुधाच्या पावडरीचा होता. कुंपणाच्या बाजूला झुडपं हलली. आधी हात दिसला, मग हिरव्या बांगड्या, मग वेताची छोटी बुट्टी, आणि फांद्या बाजूला सारत शेजारच्या काकू आत आल्या. आत म्हणजे आमच्या आवारात. वाट अशी तिथं काहीच नव्हती, पण त्यांना ती शोधावीही लागली नाही. उजव्या हातानं जास्वंदीची फांदी खाली ओढली, फुलं खुडली, तगरीकडे वळल्या, तेवढ्यात मी दिसले. दचकल्या वगैरे अजिबात नाहीत. "राहायला आलाय होय? बरं झालं बाई. घर बंद असलं की कसंतरीच वाटतंय बघा." दोन-चार फुलं आणखी काढली आणि जाता जाता म्हणाल्या, "फुलं मात्र सगळी काढत जाऊ नका हं. आमच्या देवाला लागतात."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. घरासाठी कर्ज काढलेलं, मुद्रांक शुल्क भरलेलं, त्या सब-रजिस्ट्रार कचेरीच्या बाकड्यावर बसून पाठ मोडलेली, आणि आपल्याच दारातली फुलं आपण किती काढावीत हे आपल्याला शेजारीण सांगते. राग आला असं म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या बोलण्यात दावा नव्हता, काळजी होती. बसमध्ये खिडकीशी बसलेली बाई आपण शेजारी टेकल्यावर "पिशवीवर पाय देऊ नका हं" म्हणते, त्यातलाच सूर. पण बरंही वाटलं नाही. रात्री मी खरेदीपत्र काढून पुन्हा वाचायला बसले. वाचायला म्हणजे काय, कागद कन्नडमधले. आमच्या पिढीतल्या मराठी शाळेत शिकलेल्यांची कन्नड लिपीत जेवढी धाव आहे तेवढीच माझी. अक्षर लावत लावत चक्कुबंदीपर्यंत पोचले. चक्कुबंदी म्हणजे आपली चतुःसीमा. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्यांची शेती, दक्षिणेला तमक्यांचं घर, उत्तरेला बोळ. इतके गुंठे जागा, त्यात कौलारू घर, एक आड. झाडांबद्दल अवाक्षर नाही. जास्वंद, तगर, फणस, काही म्हणजे काही नाही. कायद्याच्या नजरेत आम्ही एक घर, एक आड आणि मधली रिकामी जागा विकत घेतली होती.

ती रिकामी जागा कशी होती ते सांगते. बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागून पिरनवाडी, मच्छे मागं टाकलं, देसूरच्या पुढे आत वळलं की माती तांबडी होत जाते आणि हवेला ओल येते. हा पट्टा मोठा विचित्र आहे. पश्चिमेला कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आणि तीच नदी पूर्वेला सौंदत्तीजवळ धरणात अडवतात, तिथले लोक ढगाकडे बघून हात जोडतात. आम्ही मधोमध. इथं भात होतो, रताळी होतात, आणि माणसानं पाठ फिरवली तर जंगलही होतं. घर पाहायला आम्ही फेब्रुवारीत आलो होतो तेव्हा मागचं परडं करडं, वाळकं, काटक्यांचं दिसलं होतं. एजंट म्हणाला, "बाग हाय की मागं, मस्त." ताबा मिळाला जूनमध्ये. वळीव दोनदा जोरात होऊन गेले होते, मृग लागला होता, आणि मागचं दार उघडलं तर समोर हिरवी भिंत. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं होतं, ते अर्धंच उघडलं. पलीकडे घाणेरी टेकून उभी होती.

घर ज्यांचं होतं त्या आजी काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगे बाहेरगावी. घर मध्ये एका दलालाच्या हातातून गेलं, त्यानं आतली न्हाणी फोडून टाइल्सचं बाथरूम केलं, भिंतींना पिस्ता रंग फासला आणि मागच्या बाजूला ढुंकून पाहिलं नाही. त्याचे आभार मानावेत की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवऱ्याचं मत स्पष्ट होतं: जेसीबी. एका सकाळचं काम, सगळं सपाट, वर मातीचा थर, मग लॉन. त्याला लॉनचं भारी वेड. बेळगावात कॅम्पातले जुने बंगले पाहत तो मोठा झालाय, त्याचा परिणाम. जेसीबीवाला आला, त्यानं बाहेरूनच डोळ्यांनी माप घेतलं, "दोन तासांत मैदान करून देतो," म्हणाला, आणि मग फाटकातून यंत्र आत येईना. एका बाजूला फाटकाचा जांभ्याचा खांब, दुसऱ्या बाजूला आड. खांब पाडू का म्हणाला. मी नको म्हटलं. त्यात पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. नवीन घराचा पहिला आठवडा, त्यात खांब पाडायचा हे मनाला बरं वाटेना, एवढंच. मोठी झाडं तोडायची तर परवानगी लागते, कर्नाटकात १९७६ पासून त्याचा कायदा आहे, हेही मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, घाणेरीला कसली परवानगी. त्याचं बरोबर होतं. पण जेसीबी परत गेला आणि गावातून भांगलणीला एक मावशी मिळाल्या.

मावशी आल्या त्या विळा, खुरपं आणि स्वतःचं मत घेऊन. पायात नवऱ्याचे जुने गमबूट, साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल. आधी काम सुरूच केलं नाही. कंबरेवर हात ठेवून पानाची गुळणी होईपर्यंत नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं पैसे वाढवून मागणार. म्हणाल्या, "ताई, हितं तीन थर हाईत. वरचा काढला की खालचा दिसंल. तवर मला हे काढा आन् ते काढा असं सांगू नका."

वरचा थर म्हणजे घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही परदेशातून आलेल्या आणि आता इथल्याच झालेल्या. घाणेरी १८०९ च्या सुमाराला कलकत्त्याच्या सरकारी बागेत शोभेचं झाड म्हणून आणली असं सांगतात. शोभा आहेच तिला. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं असतात. कोवळं फूल पिवळं, जुनं झालं की गुलाबी, आणि फुलपाखरं बरोबर पिवळ्यावर जाऊन बसतात, तिथं मध असतो. हे मी कापता कापता बघत होते, आणि कापणारा हात थांबत नव्हता, कारण तोवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आले होते. तिचा वास रॉकेल आणि जांभळाच्या पानाच्या मधला काहीतरी आहे. साबणानं जात नाही. रात्री जेवताना भाकरीला तोच वास. नुसती कापली तर पंधरा दिवसांत दुप्पट जोमानं फुटते, म्हणून बुडखा खणून काढायचा. आणि तो पावसानं माती भिजल्यावरच निघतो. मावशी पहारीनं बुडखा हलवायच्या, मी ओढायचे, आणि तो सुटला की दोघी मागं पडायचो. रानमोडी त्या मानानं गरीब. मऊ माती असली की हातानं उपटते. मावशींनी तिचं पान चुरगळून माझ्या ओरखड्यांवर चोळलं. झोंबलं. आमच्याकडे शेतात कुणाला विळा लागला तर हेच करतात.

कडेनं काँग्रेस गवत होतं. पुण्यात १९५५ साली पहिल्यांदा ध्यानात आलेलं हे गवत आता आमच्या कुठल्याही ओसाड जागेवर पहिला हक्क सांगतं. त्याच्यावर सोडायला मेक्सिकोहून आणलेले भुंगे १९८४ मध्ये बंगळुरात सोडले, त्यांचे वंशज म्हणा किंवा काही म्हणा, आमच्या परड्यातही सापडले. तपकिरी डोकं, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर काळ्या वळणदार रेघा. पानांची जाळी करून टाकलेली. मी मावशींना कौतुकानं दाखवलं. "खाऊंदेत की," त्या म्हणाल्या, "पर त्येंच्या भरवशावर बसलो तर दसरा हुईल." आणि उपटत राहिल्या. फुलावर यायच्या आत उपटायचं, हातात पिशवी घालून, नाहीतर अंगावर खाज उठते.

मग जनावर निघालं. आडाच्या कडेचा पालापाचोळा ओढताना मावशी एकदम दोन पावलं मागं सरल्या, आवाज न करता. मी मात्र भरपूर आवाज केला. लांब, पिवळसर, मनगटाएवढं जाड, घाई नसल्यासारखं आडाच्या दगडांवरून सरकत बोळाकडे गेलं. "धामण हाय," मावशी म्हणाल्या, "उंदरं खाती. असूंदे." नवरा दोन दिवस गमबूट घालून जेवायला बसला.

असूंदे हा त्यांचा आवडता शब्द. कुठलीही गोष्ट काढू का विचारलं की आधी "असूंदे", मग स्वतःच ठरवून कधीतरी काढणार.

दुसरा थर उघडा पडायला लागला तो आषाढात. घाणेरीखाली बागच होती, म्हणजे बागेतली झाडं होती, अंधारात वाढून उंच, किरटी झालेली. अबोली सापडली. कुणी लावलेली एक ओळ असावी; आता ती दगडांच्या फटीत, पायरीच्या सांध्यात, आडाच्या कठड्यावर, मनाला येईल तिथं होती. अबोली पाहून मी खाली बसले. बेळगावात शहापूरला आमच्या घराला परडं नव्हतंच. मागच्या बाजूला माग, समोर रस्ता, मध्ये चार पावलांचं अंगण, आणि त्या अंगणात डालड्याच्या डब्यांमधून आजीची अबोली. मागाच्या खटखटाटात ती फुलायची. आजी दुपारी वळेसार करायची, केळीच्या सोपटाच्या धाग्यानं, दाराशी पाय पसरून, आणि आम्ही पोरं अबोलीच्या सुकलेल्या बोंडांवर टपलेली असायचो. बोंड पाण्याच्या वाटीत टाकायचं आणि श्वास धरून बघायचं. काही होत नाही, काही होत नाही, आणि फट्ट! बोंड उकलून बिया उडायच्या, कधी डोळ्यात, कधी आजीच्या चहात. ही सगळी गंमत शोधून काढलीये ती आमच्यासाठी, अशीच आमची समजूत. पहिल्या पावसाचा थेंब लागला की झाड स्वतःच हे करतं, बी लांब फेकतं, हे मला त्या दगडाच्या फटीतल्या रोपांकडे बघताना कळलं. माणसं निघून गेल्यावरही अबोली पावलापावलानं पुढं सरकत मागच्या पायरीपर्यंत आली होती.

कढीपत्ता मात्र विचित्र जागी होता. स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी चिकटून, भिंतीपासून हातभरसुद्धा नाही. कोण लावेल असं? मुळं पायात शिरतील. आणि परड्याच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या जुन्या भिंतीच्या बाहेर, अळूची एक खुंटलेली झुंबाड, त्याच्यापुढे कर्दळ, त्याच्यापुढे केळीचे काळे पडलेले बुडखे, आणि पार शेवटी एक माड, वाकडा, त्याला पाच-सहा नारळ. सगळं एका रेषेत पण रेषा सरळ नव्हे, मध्येच उजवीकडे वळलेली. मी म्हटलं लावणाऱ्यानं दोरी धरली नसेल. मावशी खुरप्यानं माती खरवडत होत्या, आणि खुरपं दगडाला लागलं. मग पुढे आणखी दगड. जांभ्याचे तासलेले तुकडे, दोन्ही बाजूंनी उभे रोवलेले, मध्ये वीतभर जागा. पाट होता तो. न्हाणीच्या भिंतीत खाली एक बुजवलेलं भोक, तिथून सुरू होऊन अळवातून, कर्दळीतून, केळीच्या बुंध्याला वळसा घालून माडाच्या आळ्यात संपणारा.

मग सगळं घर समजलं. आंघोळीचं पाणी, साबणाचं, बंबाच्या राखेचं, पहिल्यांदा अळू आणि कर्दळीत. तिथं ते गाळलं जायचं. मग केळीला, तिला कितीही पाणी चालतं. उरेल ते माडाला. कुणी वेगळं पाणी घालत नसे. घरात माणसं आंघोळ करत होती एवढ्यावर बाग चालत होती. आणि कढीपत्ता खिडकीला चिकटून यासाठी की ताकाचं भांडं विसळलं की ते पाणी हात लांब करून खिडकीतूनच त्याच्या बुडाशी टाकायचं. कढीपत्त्याला आंबट ताक मानवतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दलालानं बाथरूम आत घेतलं, भोक बुजवलं, पाणी सेप्टिक टँकला जोडलं. त्या दिवशी केळी मरायला लागल्या असणार.

हे सगळं बघून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आनंद झाला, कोडं सुटल्याचा. थोडं अवघडल्यासारखंही झालं. ज्या आजींना मी पाहिलं नाही त्यांच्या आंघोळीची वेळ, त्यांचं ताक, त्यांची खिडकी हे सगळं मला आता माहीत होतं, आणि हे मला कुणी सांगायला नको होतं असं वाटत राहिलं. परक्या माणसाचं कपाट उघडल्यावर वाटतं तसलं.

बेळगावहून प्लंबर बोलावला. सेप्टिक टँक नेमका कुठं हे कळेना म्हणून आजींच्या थोरल्या मुलाला फोन केला. खरेदीच्या वेळी नंबर घेतलेला होता. त्यांनाही माहीत नव्हतं. टँक दलालानं केलेला. फोन ठेवायचा तर त्यांनी विचारलं, फणस धरतो का अजून? मी म्हटलं, या वर्षी बराच लागलाय, खूप उंचावर. "कापा आहे तो," ते म्हणाले, "बरका समजून कुणी खाली पडायची वाट बघतं, आणि नासतो. वेळेवर काढा." मी पाटाचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "तो आमच्यातल्या कुणीतरी साफ करायचा, रविवारी. कायम भांडण असायचं." एवढंच. टँक नंतर तुळशीकट्ट्याच्या मागं सापडला.

प्लंबरनं कपडे धुवायच्या मशीनचं आणि आंघोळीचं पाणी वेगळं करून पुन्हा त्या भोकातून बाहेर काढलं. हसत होता काम करताना. "मॅडम, लोक गटार झाकायला बोलवतात मला." भाद्रपदात अळूची पानं सुपाएवढी झाली. त्यानंतरच्या एका दुपारी शेजारच्या काकूंच्या घरून झाकलेली ताटली आली. अळूच्या वड्या, तळलेल्या, वर तीळ. पान आमच्याच आवारातलं. आमच्याच अळवाचा आम्हालाच पाहुणचार. फार छान झाल्या होत्या, हे मान्य करावं लागेल.

काकूंचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात लहानपणी कन्नड, लग्न होऊन इकडे आल्यावर मराठी. त्या झाडांना दोन्ही भाषांत शिव्या घालतात. आमच्या भागात सीमा म्हटलं की बोलणं लगेच १९५६ ला जाऊन पोचतं आणि हातातला चहा गार होतो. कुंपणाच्या बाबतीत मात्र इथली माणसं फार ढिली. दक्षिणेच्या हद्दीवर मेंदी आणि शेर यांचं कुंपण होतं, त्याचं आता झाड झालंय, आणि त्यात काकू ये-जा करतात ती फट आहे. नवऱ्यानं तिथं तारेचं कुंपण घालायचं काढलं. माप घ्यायला गेलो तर लक्षात आलं की मधुमालतीचं मूळ काकूंच्या बाजूला आणि सगळा फुलोरा आमच्या कौलांवर. फणसाचं खोड आमचं, दोन फांद्या त्यांच्या गोठ्यावर, आणि गोठ्यावर पडलेला फणस त्यांचा असा रिवाज आजींच्या काळापासूनचा. तार घालायची तर यातलं काय कापायचं? काकूंच्या घरचे काका टेप धरून उभे होते. म्हणाले, "घाला की वैनी, हक्क हाय तुमचा." पण टेपचं टोक त्यांनी धरलं होतं ते काही खाली खिळ्याला लावेनात. काम त्या दिवशी राहिलं. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी लाल, सगळे रंग एकाच वेळी घोसात लटकत असतात. ती कापायला नवऱ्याचाही हात पुढे झाला नाही. तार गुंडाळी करून माळ्यावर आहे.

फुलांचं म्हणाल तर मी लवकर उठू लागले. उगीच नाही, आधी आपण काढायची म्हणून. मी साडेसहाला गेले तर काकू सहाला येऊन गेलेल्या. मी सहाला गेले तर दव सुकायच्या आधीच फांद्या रिकाम्या. हे काही दिवस चाललं आणि एकमेकींना आम्ही त्याबद्दल चकार शब्द बोललो नाही. मग केव्हातरी असं दिसायला लागलं की खालच्या फांद्यांवरची फुलं शिल्लक असतात. वरची गेलेली, खालची माझ्यासाठी. मी त्यांच्यापेक्षा उंच आहे, खरं तर उलटं व्हायला हवं होतं. पण त्यांचा हात फांदी ओढण्यात तरबेज आहे, आणि माझ्याकडून फांदी तुटते, हे त्यांनी मावशींजवळ बोलून दाखवलं, मावशींनी माझ्याजवळ.

तिसरा थर मावशींनी पावसाळा ओसरल्यावर उघडला, आणि त्यात चंदन निघालं. मागच्या भिंतीशी, करवंदीच्या जाळीत, पुरुषभर उंचीचं, फिकट हिरव्या पानांचं, दिसायला अगदी सामान्य. मी त्याला निरुपयोगी म्हणून काढायला सांगणार, तर मावशींनी पान हातात घेऊन नखानं साल खरवडली, वास घेतला, आणि मान हलवली. वास येत नाहीच. चंदनाचा वास आतल्या गाभ्याला, आणि गाभा धरायला झाडाला वर्षानुवर्षं लागतात. पण त्यांची खात्री होती. बी कुणी पेरलेलं नसणार, बुलबुलाचं किंवा कोकिळेचं काम. बातमी गावात फिरली आणि सल्ले सुरू झाले. चंदनाला साप येतात. चंदनाला चोर येतात. यातला दुसरा सल्ला खरा आहे. एक म्हातारे अण्णा म्हणाले, आमच्या वेळी दारात चंदन उगवलं तर लोक रातोरात उपटून टाकत, झाड सरकारचं आणि राखायची जबाबदारी आपली. २००१ मध्ये कर्नाटकात कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता झाड जमिनीच्या मालकाचं, तोडायला-विकायला मात्र वनखात्याकडे जावंच लागतं. म्हणजे पाहा, खरेदीपत्रात नसलेल्या ज्या एका झाडाची किंमत सगळ्या घराला भारी पडू शकते, ते पक्ष्यानं टाकलेलं.

गावात वनखात्यातून निवृत्त झालेले एक मामा राहतात, त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चंदनाकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघितलं. चंदन एकटं जगत नाही, म्हणाले. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि तिथून अन्नपाणी ओढतात. भोवतीचं सगळं साफ केलंत तर हे खंगत जाईल. "मग काय ठेवू?" मी विचारलं. "करवंद ठेवा. थोडी तूर लावा बाजूनं, तिचं याला चांगलं लागतं. आणि उगीच स्वच्छ करत बसू नका." नवरा शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याच्या डोक्यातल्या लॉनचा पश्चिमेकडचा भाग तिथंच गेला.

सगळं काही मार्गी लागलंय असं नाही. लव्हाळा आहे. तो कुणालाच हरवता आलेला नाही. वर उपटला तर खाली मण्यांच्या माळेसारख्या गाठी राहतात आणि प्रत्येक गाठीतून नवा कोंब. आंब्यावर बांडगूळ आहे, तीन फांद्या पार वाळवल्यात त्यानं. फुलटोच्या त्याची फळं खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसतो, असा तो कारभार. बांडगूळ चढून, फांदीसकट, खालून हातभर सोडून कापायला हवं. चढणारा माणूस "सोमवारी येतो" म्हणालाय. कुठल्या सोमवारी ते नाही म्हणाला. मावशींनी पुढच्या वर्षीचं भांगलणीचं आत्ताच सांगून ठेवलंय, मृगाच्या आधी बोलवा, नंतर बोलावलं तर रोजगार जास्त पडेल. रताळ्याच्या वेली लावायचे दिवस, तेव्हा बायका मिळत नाहीत.

राहता राहिलं लॉन. नवरा अजून हट्ट सोडत नाही, मोबाईलवर गवताचे फोटो दाखवतो. मी त्याला परवा सगळं परडं फिरवून आणलं. इथं पाट आहे, इथं लावता येणार नाही. इथं चंदनाची मुळं. इथं फणसाखाली ऊनच येत नाही. इथून काकू येतात. शेवटी एकच जागा उरली, फाटकाच्या आत, चांगली सपाट, दिवसभर ऊन. तिथं तो गाडी लावतो. लॉन की गाडी, विचार करून सांग म्हटलंय.